त्याचे तुला काय?

दोन ख्रिस्ती मंडळ्यांचे (चर्चचे) सेवक भेटले की ख्यालीखुशाली विचारून झाल्यावर एक प्रश्न हमखास येतो: ‘सध्या उपासनेला किती जण असतात?’ प्रश्न साधा आहे, कधी तो आस्थेनेही विचारलेला असतो. पण उत्तर देणाऱ्याच्या मनात तेवढ्यात एक वजाबाकी होऊन जाते. आकडा मोठा असेल तर तो सहज सुचल्यासारखा सांगितला जातो; लहान असेल तर त्याच्यामागून ‘पण’ येतो. पण येतात ते मनापासून येतात, पण आमच्याकडची परिस्थिती वेगळी आहे, पण आता हळूहळू वाढते आहे. हे पाळकांपुरतेच आहे असे कोणी समजू नये. संडे स्कूलमध्ये वर्षानुवर्षे मुलांना शिकवणारी बाई, गायनवृंदात मागच्या रांगेत उभा राहणारा तरुण, दुसऱ्याची झगझगीत साक्ष ऐकून ‘माझ्या आयुष्यात असे काही घडलेच नाही’ असे म्हणत घरी परतणारी विश्वासी स्त्री, ही सगळी त्याच वजाबाकीत अडकलेली माणसे आहेत.

तुलना करू नये हे आपण सगळेच शिकवतो. त्यावर प्रवचने होतात, युवक शिबिरांत सत्रे होतात. आणि त्याच व्यासपीठावरून थोड्या वेळाने सर्वांत जास्त देणगी देणाऱ्या कुटुंबाचा सत्कार होतो, तेव्हा त्यातली विसंगती कोणाच्या लक्षात येत नाही. माझे म्हणणे असे की, तुलनेचा रोग हा एकेकट्या माणसाच्या मनाचा अशक्तपणा समजून आपण त्यावर उपचार करतो, तिथेच गफलत होते. देवाने दिलेल्या पाचारणावर, म्हणजे त्याच्या बोलावण्यावर, विश्वास ठेवणे हा त्यावरचा खरा उपाय आहे, यात मला शंका नाही. परंतु त्या विश्वासाचा जो अर्थ आपण सांगतो तो फार तोकडा आहे. आणि मंडळीच मोजपट्टी हातात घेऊन बसली असताना एकट्याने तो विश्वास धरून ठेवावा, ही अपेक्षा तर सरळ अन्यायाची आहे.

आपण सहसा काय सांगतो? ‘तू खास आहेस. देवाने तुझ्यासारखा दुसरा कोणी घडवलेला नाही.’ हे खोटे नाही. पण औषध म्हणून ते लागू पडत नाही, कारण ‘खास’ या शब्दाला आजूबाजूला कोणीतरी साधारण असावे लागते. ज्याला आपण खास आहोत असे पटवून दिले जाते तो दुसऱ्याच दिवशी आपल्याहून खास माणूस शोधून काढतो, किंवा आपण ज्यांच्याहून खास आहोत अशांची मनातल्या मनात यादी करतो. मंदिरात ‘मी इतर माणसांसारखा नाही म्हणून तुझे आभार मानतो’ अशी प्रार्थना करणाऱ्या येशूच्या दाखल्यातल्या परुश्याला, म्हणजे त्या कर्मठ यहूद्याला, न्यूनगंड मुळीच नव्हता. तरीही तो तुलनेत आकंठ बुडालेला होता. खाली पाहून होणारी तुलना वर पाहून होणाऱ्या तुलनेइतकीच माणसाला देवापासून दूर नेते. फरक एवढाच की तिचा त्रास करणाऱ्याला होत नाही, इतरांना होतो.

१९५४ मध्ये लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. स्वतःला जोखायला बाहेरचे निश्चित माप मिळाले नाही की माणूस इतरांशी ताडून पाहतो, आणि तेही कोणाशीही नाही. जो आपल्या बराचसा बरोबरीचा आहे त्याच्याशी. जगप्रसिद्ध सुवार्तिकाचा हेवा लहान मंडळीच्या पाळकाला सहसा वाटत नाही. त्याला हेवा वाटतो तो सेमिनरीत आपल्या शेजारच्या बाकावर बसलेल्या सोबत्याचा. सेवाकार्यात हे फार बोचते, कारण तिथे निश्चित माप जवळजवळ नसतेच. मरणाच्या दारातल्या माणसाजवळ तासभर गप्प बसून राहण्याचे मोल कशात मोजणार? प्रार्थनेचे वजन कसे करणार? मोजता येत नाही म्हणून मग जे मोजता येते ते आपण मोजतो: डोकी, देणग्या, बाप्तिस्मे, इमारतीचे चौरस फूट, आणि आता प्रवचनाचा व्हिडिओ किती जणांनी पाहिला तो आकडा.

पवित्र शास्त्राला ही जवळच्या माणसाची तुलना चांगली ठाऊक आहे. काइनाला सलला तो सख्खा भाऊ. राहेल आणि लेआ बहिणी, मार्था आणि मरीयाही बहिणी. शौल राजाला खुपला तो दावीद, म्हणजे त्याच्याच पदरी असलेला तरुण. ‘शौलाने हजारो मारले, दावीदाने लाखो’ अशा अर्थाचे गीत स्त्रिया गात आल्या, त्या दिवसाकडे नीट पाहा. विजय शौलाच्या राज्याचा होता. मिरवणूक त्याच्या स्वागताची होती. ‘हजारो’ ही सुद्धा स्तुतीच होती, आणि त्या स्त्रियांना राजाचा अपमान करायचा होता असे कुठेही लिहिलेले नाही. गाण्यातला फक्त हिशेब त्याच्या काळजात घुसला, आणि त्या दिवसापासून त्याची नजर दावीदावर राहिली. पुढची वर्षे त्याने आपल्याच माणसाला डोंगरदऱ्यांत हुडकण्यात घालवली. एकदा तर ऐन पाठलागात निरोप आला की पलिष्ट्यांनी देशावर घाला घातला आहे. तेव्हा तो पाठलाग सोडून परतला. पलिष्ट्यांपासून देश राखणे हेच तर राजाचे काम होते. तुलनेने मनाची शांती जाते असे आपण म्हणतो, पण त्याहून मोठे नुकसान हे आहे: ज्या कामासाठी माणसाला बोलावले ते काम मागे पडते, आणि त्याचा फटका भलत्यांनाच बसतो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात या प्रश्नावरचे सर्वांत रोखठोक उत्तर आहे. तिबिर्याच्या सरोवराकाठी पुनरुत्थित येशू पेत्राला तीनदा विचारतो, ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ आणि तीनदा मेंढरांची जबाबदारी त्याच्यावर सोपवतो. मग सांगतो की, तू म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील आणि दुसरा तुला तुझी इच्छा नसेल तिकडे नेईल. कसल्या मरणाने पेत्र देवाचे गौरव करणार हे त्यात सुचवले आहे. हे ऐकल्यावर पेत्र मागे वळतो, येशूचा लाडका शिष्य (परंपरेप्रमाणे योहान) मागून येताना त्याला दिसतो, आणि तो विचारतो, ‘प्रभू, याचे काय?’

या प्रश्नाला सरसकट मत्सराचे लेबल लावले जाते. मला ते पटत नाही. आपल्या मरणाची बातमी नुकतीच ऐकलेल्या माणसाने ‘माझ्या एकट्याच्याच वाट्याला हे का?’ असे विचारणे फार माणसासारखे आहे. कदाचित त्यात मित्राबद्दलची काळजीही असेल. म्हणूनच येशूचे उत्तर अधिक लक्षात राहते. तो पेत्राला समजावत बसत नाही. ‘तुझे काम त्याच्यापेक्षा मोठे आहे’ अशी फुंकर घालत नाही, की ‘त्यालाही दुःख आहेच’ असे सांगून बरोबरी साधत नाही. ‘मी येईपर्यंत त्याने राहावे अशी माझी इच्छा असली तर त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये.’ योहानाविषयी काहीच माहिती न देता विषय तिथेच संपतो.

पण गंमत पुढच्या वचनात आहे, आणि ते वचन प्रवचनांत क्वचितच येते. तो शिष्य मरणार नाही अशी वदंता बंधुवर्गात पसरली. लेखकाला मुद्दाम खुलासा करावा लागला की येशू तसे म्हणाला नव्हता. म्हणजे तुलना थांबवण्यासाठी उच्चारलेल्या वाक्यातूनच मंडळीने नवी तुलना तयार केली! पेत्राने प्रश्न एकदा विचारला. ‘कोणाला काय मिळणार’ ही चर्चा चालू ठेवली ती बंधुवर्गाने.

‘तू माझ्यामागे ये.’ पाचारण म्हणजे एवढेच: कोणीतरी कोणालातरी उद्देशून काढलेला शब्द. आपण मात्र ‘माझे पाचारण’ असे म्हणतो तेव्हा ते सातबाऱ्यावरच्या जमिनीसारखे आपल्या मालकीचे होते. मग शेजाऱ्याच्या बांधाकडे डोळे जाणारच. त्याची काळी, आपली मुरमाड. पाचारणाला मालमत्ता केले की त्यावरचा विश्वास म्हणजे स्वतःच्या भांडवलावरचा विश्वास होतो, आणि भांडवल कमी-जास्त असतेच. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिताना भरवशाचे ठिकाण नेमके दाखवले आहे: तुम्हाला पाचारण करणारा विश्वसनीय आहे, तोच हे करील. भरवसा बोलावणाऱ्यावर आहे. माझी कुवत, माझे दान, माझा प्रभाव ही नंतरची बाब.

इथे एक फरक केला पाहिजे, जो न केल्यामुळे पुष्कळ चांगली माणसे उत्तरायुष्यात कोलमडतात. पहिले पाचारण ख्रिस्ताच्या सहभागितेचे आहे. ते सर्वांना सारखेच आहे. त्यात वरची आणि खालची पंगत नाही. दुसरे पाचारण कामाचे. ते वेगवेगळे असते, बदलते, कधी संपतेही. ज्याने दुसऱ्यालाच पहिले मानले त्याच्या हातून निवृत्तीने, आजारपणाने किंवा कमिटीच्या एका ठरावाने काम गेले की तो स्वतःच गेल्यासारखा होतो. मग आपल्या जागी आलेल्या तरुणाचे प्रत्येक यश त्याला आपल्याविरुद्धचा पुरावा वाटू लागते.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यात येशूने हे दुखणे जवळजवळ मुद्दाम उकरून काढले आहे. सकाळपासून राबलेल्यांना आणि शेवटच्या तासाला आलेल्यांना सारखाच एकेक दिनार मिळाला, हे आपल्याला पाठ असते. धनी मजुरी वाटताना शेवटच्यांपासून सुरुवात करायला सांगतो, हे सुटून जाते. सकाळच्यांना आधी पैसे देऊन रवाना केले असते तर ठरलेली मजुरी खिशात घालून ती माणसे समाधानाने घरी गेली असती. धन्याने त्यांना थांबवले, पाहायला लावले. त्यांची तक्रारही मजुरी कमी मिळाल्याची नव्हती: ‘तुम्ही यांना आमच्या बरोबरीचे केले.’ धन्याचे उत्तर जिव्हारी लागणारे आहे: मी उदार आहे म्हणून तुला हेवा वाटतो काय? तुलनेचा आरोप शेजाऱ्यावर दिसत असला तरी खरी फिर्याद देणाऱ्याविरुद्ध असते. धन्याने तीन चाकरांकडे पाच, दोन आणि एक तालांत सोपवले, त्या रुपयांच्या दाखल्यातल्या तिसऱ्या चाकराचेही तेच. त्याला एकच तालांत मिळाला म्हणून तो खट्टू झाला, असे आपण गृहीत धरतो. गोष्टीत तसे काही नाही. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, मजुराची वीसेक वर्षांची कमाई. तो काही रिकाम्या हातांचा नव्हता. त्याने धन्याला सांगितलेले कारण वेगळेच आहे: तुम्ही कठोर आहात हे मला ठाऊक होते, म्हणून मी भ्यालो. देणाऱ्याविषयी मनात अढी असली की हातात असलेले पुष्कळही जमिनीत पुरले जाते. उलट पाच तालांतवाला आणि दोन तालांतवाला या दोघांना मिळालेली शाबासकी शब्दाशब्दाने सारखी आहे.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप पौलाच्याच पत्रातून येतो आणि तो सोपा नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल म्हणतो की, जे स्वतःला एकमेकांच्या मापाने मोजतात ते शहाणे नव्हेत. पण त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात तो करिंथकरांपुढे मासेदोनियातल्या मंडळ्यांचे उदाहरण ठेवतो. त्या दारिद्र्यात होत्या, तरी त्यांनी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी शक्तीपलीकडे दिले. इतरांच्या आस्थेवरून तुमच्या प्रीतीचा खरेपणा पारखतो आहे, असेही तो उघड सांगतो. मग ही तुलना नाही तर काय?

आहे, तुलनाच आहे, आणि तिला दुसरे गोंडस नाव देऊन सुटका करून घेण्यात अर्थ नाही. मात्र पौल तिच्यावर लगेच एक अट घालतो: उत्सुकता असेल तर माणसाजवळ जे आहे त्या मानाने ते मान्य होते, नाही त्या मानाने नाही. मासेदोनियाचे देणे किती होते हा आकडा तो सांगतच नाही. ते कसे दिले एवढेच सांगतो. दुसऱ्याला पाहून ‘आपणही असे मन मोकळे करावे’ असे वाटणे आणि दुसऱ्याला पाहून ‘मी कितवा?’ असे विचारणे, या दोहोंत हा फरक आहे. आदर्श हवेतच. इब्री लोकांस पत्रातल्या विश्वासवीरांच्या यादीचे प्रयोजनही तेच आहे. पण त्या यादीतल्या नोहासारखे जहाज बांधायला कोणी सांगितलेले नाही.

मराठी ख्रिस्ती परंपरेतच याचे एक सुंदर उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो लगोलग घेतला नाही. नवऱ्याचा विश्वास हा आपला विश्वास होऊ शकत नाही हे त्यांच्या वागण्यातून दिसते. काही वर्षांनी, स्वतःच्या मनाने ठरवून त्यांनी ते पाऊल टाकले. पुढे टिळकांच्या निधनानंतर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पूर्ण केले ते लक्ष्मीबाईंनी, जेमतेम अक्षरओळखीपासून सुरुवात केलेल्या बाईंनी. टिळकांच्या कवितेशी आपली कविता ताडून पाहण्याला त्यांनी महत्त्व दिले असते तर लेखणी उचलण्याचे कारणच नव्हते. त्यांचे गद्य आज टिळकांच्या पद्याइतकेच, कदाचित अधिकच वाचले जाते, हे खरे. पण हे वाक्य लिहिताना मीही तुलनाच करतो आहे, तेव्हा इथेच थांबतो.

दुसरा आक्षेप मला पहिल्यापेक्षा गंभीर वाटतो. ‘दुसऱ्याकडे पाहू नकोस, तुझ्या पाचारणावर विश्वास ठेव’ हे वाक्य वरच्याने खालच्याला सांगितले की त्याचा अर्थ होतो, ‘आहेस तिथेच राहा आणि गप्प बस.’ कमी पगारावर राबणाऱ्या सुवार्तिकेला, वर्षानुवर्षे निर्णयांपासून दूर ठेवलेल्या गटाला, बोलू न दिलेल्या स्त्रियांना हे वाक्य पुष्कळदा ऐकवले गेले आहे. पौलाचे ‘ज्या स्थितीत पाचारण झाले त्या स्थितीत राहावे’ हे वचन तर जन्माने मिळालेली पायरी पक्की करण्यासाठी वापरायला फार सोयीचे. त्याच्या लगतचे वचन मात्र गाळले जाते. दास असून मोकळा होऊ शकत असशील तर ती संधी घे, असाच त्याचा अर्थ बहुतेक भाषांतरांनी घेतला आहे. आणि दोनच वचने पुढे: माणसांचे दास होऊ नका.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात एक तुलना आहे, जी प्रेषितांनी दाबली नाही. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटणीत त्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. इब्रींच्या विधवांना मिळते, आमच्यांना नाही. ‘तुमच्या विधवांना समाधानी राहायला शिकवा’ असे बारा जणांनी म्हटले नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावले आणि सात जण निवडायला सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटणी गेली, असा अंदाज त्यावरून बांधता येतो. तेव्हा ‘माझी किंमत किती?’ हे ठरवण्यासाठी केलेली तुलना आणि ‘न्याय होतो आहे का?’ हे तपासण्यासाठी केलेली तुलना या वेगळ्या वस्तू आहेत. पहिली सोडायची असते. दुसरी ऐकून घ्यायची असते, आणि ऐकून घेण्याची जबाबदारी ज्याच्या हातात वाटप आहे त्याची.

हे माझे पाचारण आहे की माझीच हौस, हे कसे कळावे, असेही विचारले जाते. त्याला सोपे उत्तर नाही, पण एक खूण आहे. अंत्युखियाच्या मंडळीत बर्णबा आणि शौल (पुढे पौल म्हणून ओळखला गेला तो) यांना सेवेसाठी वेगळे करण्यात आले तेव्हा उपास, प्रार्थना आणि हात ठेवणे हे सगळे मंडळीने मिळून केले. जे पाचारण फक्त मला एकट्याला ऐकू येते आणि जवळच्या कोणालाच त्यात तथ्य दिसत नाही, त्याची खात्री करून घ्यायला थोडा वेळ द्यावा.

बर्णबाचा उल्लेख आलाच आहे तर त्याच्यापाशी थोडे थांबू. शौलाला शोधायला तार्सासला गेला तो बर्णबा. त्याला अंत्युखियाला आणले, सोबत वर्षभर शिकवले तेही त्यानेच. प्रवासाला निघताना प्रेषितांच्या कृत्यांचा लेखक लूक ‘बर्णबा व शौल’ असा क्रम लिहितो. थोड्याच पानांनंतर तो ‘पौल व बर्णबा’ असा होतो. त्याबद्दल बर्णबाने काही म्हटल्याची नोंद नाही. तो भिडस्त होता म्हणून गप्प बसला असेही नाही. पुढे पौलाशी त्याचा इतका कडाक्याचा वाद झाला की दोघे वेगळे झाले. वाद कशावरून? आपल्या नावाच्या जागेवरून नव्हे, आधी माघार घेतलेल्या योहान मार्काला पुन्हा संधी द्यावी की नाही यावरून. मला बर्णबा या विषयावरचा सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार वाटतो तो यासाठी.

अशा वेळी लिसिएच्या तेरेझाचे नाव घेण्याचा मोह होतो. १८७३ मध्ये जन्मलेली ही मुलगी पंधराव्या वर्षी मठात गेली आणि १८९७ मध्ये वारली. दूर देशी सुवार्ता न्यावी ही तिची आस होती, पण मठाबाहेर तिने पाऊल टाकले नाही. १९२७ मध्ये रोमच्या चर्चने समुद्रामागून समुद्र ओलांडणाऱ्या फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीने तिलाच मिशनकार्याची संरक्षक संत म्हणून जाहीर केले. गोष्ट खरी आहे आणि सुरेखही. पण ती सांगताना आपण नकळत एक आमिष दाखवतो: आज तुला कोणी ओळखत नाही, थांब, उद्या तुझेही नाव होईल. तुलना मागच्या दाराने पुन्हा आत येते, फक्त निकालाची तारीख पुढे ढकललेली असते.

म्हणून मला तिच्याहून बर्सब्बा म्हटलेला योसेफ जास्त उपयोगी वाटतो. यहूदाच्या जागी प्रेषित निवडताना दोन नावे पुढे आली, योसेफ आणि मत्थिया. दोघेही योहानाच्या बाप्तिस्म्यापासून येशूबरोबर वावरलेले. चिठ्ठ्या टाकल्या, मत्थिया निघाला. योसेफ अपात्र ठरला नव्हता, त्याने काही चूक केली नव्हती, समोरचा सरसही ठरला नव्हता. फक्त चिठ्ठी निघाली नाही. नव्या करारात त्याचे नाव पुन्हा येत नाही. प्रार्थनापूर्वक टाकलेल्या चिठ्ठीने नाकारलेल्या या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याच मंडळीत, त्याच मत्थियाच्या शेजारी बसायचे होते. ज्याचे नाव पुढे कधीच होणार नाही अशा माणसालाही पाचारण आहे, हे मान्य केल्याशिवाय पाचारणाविषयीचे आपले सगळे बोलणे यशस्वी लोकांची आत्मप्रौढी ठरते.

एका तुलनेपुढे मात्र युक्तिवाद थांबवावा लागतो. कृत्यांच्या बाराव्या अध्यायात हेरोद याकोबाला तलवारीने मारतो. त्याच अध्यायात पेत्र तुरुंगात पडतो, मंडळी प्रार्थना करते, देवदूत येतो, बेड्या गळतात. याकोब का गेला आणि पेत्र का वाचला, याचे कारण लूक देत नाही. याकोबाच्या घरच्यांनी पेत्राच्या सुटकेची साक्ष कशी ऐकली असेल? आजही एकाचे मूल बरे होते, दुसऱ्याचे होत नाही, आणि साक्ष देण्यासाठी पुढे बोलावले जाते ते पहिल्याला. अशा वेळी दुःखात असलेल्याला ‘तुलना करू नकोस’ असे सांगणे मला निर्दयपणाचे वाटते. त्र्याहत्तराव्या स्तोत्रात आसाफाने दुर्जनांचा उत्कर्ष पाहून आपल्याला मत्सर वाटल्याचे देवासमोर स्पष्ट बोलून दाखवले आहे, आणि ते गाऱ्हाणे मंडळीच्या प्रार्थनापुस्तकात सामील झाले. त्याचे पाय घसरता घसरता वाचले ते देवाच्या मंदिरात गेल्यावर. तिथे जाईपर्यंत तो काय काय बोलला, ते गाळून टाकण्याची गरज कोणाला वाटली नाही.

तेव्हा मंडळीने काय करावे? साक्षींच्या वेळी अजून उत्तर न मिळालेल्यांनाही बोलू द्यावे. वार्षिक अहवालात आकडे जरूर असावेत, हिशेब चोख असलाच पाहिजे, पण शेजारच्या मंडळीच्या आकड्यांशेजारी ते मांडण्याचे प्रयोजन काय ते एकदा तपासावे. देणाऱ्यांची नावे रकमेच्या क्रमाने वाचणे बंद करावे. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा देण्याबद्दल जे म्हटले आहे ते याहून सौम्य अपराधाला उद्देशून आहे. ‘पूर्णवेळ सेवा’ या शब्दप्रयोगाने उरलेल्या सगळ्यांना अर्धवेळ ख्रिस्ती ठरवले आहे. परिचारिका, गाडीचालक, कारकून, घरात आजाऱ्याची शुश्रूषा करणारी मुलगी यांनाही पाळकाइतकेच खरे पाचारण आहे, हे सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेने मोठ्या आवाजात सांगितले. तिचा वारसा सांगणाऱ्या किती मंडळ्यांत या माणसांच्या कामासाठी नाव घेऊन प्रार्थना होते? नव्या पाळकाच्या अभिषेकाला सगळी मंडळी लोटते. नव्या शिक्षिकेच्या नोकरीच्या पहिल्या दिवसाआधी तिच्यावर कोणी हात ठेवत नाही.

यासाठी फार मोठा कार्यक्रम आखावा लागत नाही. कलस्सैकरांस पत्राच्या अगदी शेवटी, सलामांच्या गर्दीत पौल मंडळीला एक निरोप द्यायला सांगतो: अर्खिप्पाला म्हणा, प्रभूमध्ये जी सेवा तुला मिळाली आहे ती पूर्ण करण्याकडे लक्ष दे. अर्खिप्पाची सेवा कोणती होती ते तिथे लिहिलेले नाही, आणि ती इतर कोणाच्या मानाने केवढी होती तेही नाही. पत्र मंडळीत मोठ्याने वाचले जायचे होते, म्हणजे हा निरोप सर्वांसमोर, सर्वांच्या तोंडून अर्खिप्पाला जायचा होता. आपल्या मंडळीतल्या प्रत्येकाचे काम काय आहे हे इतके माहीत असायला हवे की त्याला नाव घेऊन हे वाक्य सांगता येईल. बहुतेक ठिकाणी ते माहीत नसते. पुढच्या रविवारी उपासनेला किती जण होते हे मोजणाऱ्याने हवे तर तिथूनच सुरुवात करावी: मोजलेल्यांपैकी किती जणांचे काम आपल्याला ठाऊक आहे?